टाळ्या थांबल्यावर काय उरतं?

14 ऑक्टोबर 1960. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते, तरी हजारो विद्यार्थी ताटकळत थांबले होते. केनेडी जेमतेम तीन मिनिटं बोलले आणि त्यातही त्यांनी मुख्यतः प्रश्नच विचारले. डॉक्टर होऊ घातलेल्या तुमच्यापैकी किती जण घानात जाऊन काम करायला तयार आहेत? तंत्रज्ञ आणि अभियंते होणाऱ्यांपैकी किती जण परदेशात सेवा करतील? अशी सेवा देणारी सरकारी संस्था तेव्हा अस्तित्वातच नव्हती. पुढच्या काही आठवड्यांत विद्यार्थ्यांनी सुमारे हजार सह्या गोळा केल्या. 2 नोव्हेंबरला केनेडींनी सॅन फ्रान्सिस्कोत तसा प्रस्ताव मांडला आणि 1 मार्च 1961 रोजी ‘पीस कोअर’ स्थापन झालं.

ही गोष्ट वक्तृत्वाच्या जादूचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते. मधला दुवा मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. भाषणानंतर आठवडाभरात विद्यापीठाच्या दैनिकात एक पत्र छापून आलं. ज्यांना ही कल्पना पटते त्यांनी तसं लेखी कळवावं, एवढंच त्यात सांगितलं होतं. भारावलेल्या मुलांना करण्याजोगं एक नेमकं काम मिळालं, ते या पत्रामुळे.

भाषणाचं काम मतं बदलणं हे असतं, असा आपला समज असतो. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 49 प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रं, फोन आणि घरोघरच्या भेटींमुळे उमेदवाराविषयीचं मत किती बदलतं, हा प्रश्न होता. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ही मोजणी जाहीर सभांची नाही, पण तिच्यावरून अंदाज बांधता येतो. सभेला येणाऱ्यांत आधीपासून अनुकूल असलेलेच जास्त असतात. त्यांना पटवायचं नसतं, हलवायचं असतं, आणि ते पटवण्याहून वेगळं काम आहे.

टाळी हा या हालचालीचा सर्वांत छोटा नमुना. एकट्यानं टाळी वाजवायला कोणालाच आवडत नाही. त्यामुळे नेमकं कधी वाजवायचं हे शेकडो लोकांना एकाच क्षणी कळावं लागतं. ब्रिटिश अभ्यासक मॅक्स अ‍ॅटकिन्सन यांनी 1980 च्या दशकात राजकीय सभांच्या ध्वनिफिती बारकाईनं तपासल्या. तीन घटकांची यादी आणि ‘हे नको, ते हवं’ अशी विरोधी जोडी, या दोन रचनांवर टाळ्या हमखास पडत होत्या. तिसरा घटक सुरू झाला की वाक्य कुठे संपणार हे श्रोत्याला आधीच कळतं आणि हात तयार होतात. पुढे जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतली 476 भाषणं तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश टाळ्यांमागे अशाच मोजक्या सात रचना आढळल्या. टाळ्या साधारण आठ सेकंद टिकतात. त्या ओसरायच्या आत बोललेलं वाक्य वाया जातं, आणि नवखे वक्ते नेमकं महत्त्वाचं आवाहन तिथेच उरकतात.

मेंदूच्या पातळीवरही काहीसं असंच दिसतं. राल्फ श्मेल्त्स्ले आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जर्मन राजकीय भाषणं ऐकणाऱ्यांचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणारे स्कॅन, काढले. प्रभावी भाषण ऐकताना वेगवेगळ्या श्रोत्यांच्या मेंदूतल्या हालचाली एकमेकींशी जास्त जुळत होत्या. लक्ष एकाच जागी बांधलं गेलं, इतकंच यातून ठरतं. ‘मेंदूचा ताबा घेतला’ छापाचे मथळे यावरून काढू नयेत.

टाळ्यांपासून मोर्चापर्यंत जायचं तर धोका वाढतो, पण कोडं तेच राहतं: पहिला कोण? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1978 मध्ये याचं सोपं गणित मांडलं. समजा, मैदानात 100 माणसं आहेत आणि प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे ‘इतके जण पुढे गेले की मी जाईन’ असा आकडा. एकाचा उंबरठा 0, दुसऱ्याचा 1, तिसऱ्याचा 2, असं करत शेवटच्याचा 99. शून्यवाला निघतो. त्याला पाहून 1 वाला निघतो, त्या दोघांना पाहून 2 वाला, आणि शेवटी शंभरही जण रस्त्यावर येतात. आता फक्त एक बदल करा: 1 उंबरठा असलेल्या माणसाचा आकडा 2 करा. शून्यवाला निघतो, मागे वळून पाहतो, कोणीच नसतं. शंभरातली नव्व्याण्णव माणसं होती तशीच आहेत, सरासरी चीड तेवढीच आहे, तरी मोर्चा एका माणसाचा होतो.

म्हणून एक सभा पेटते आणि तशीच दुसरी विझते, तेव्हा कारण वक्त्याच्या आवाजात शोधणं बरेचदा व्यर्थ असतं. भाषण दोन गोष्टी करू शकतं: काहींचा उंबरठा खाली आणणं आणि शेजारचाही तयार आहे हे प्रत्येकाला दाखवणं. दुसरी गोष्ट टीव्हीवर एकट्यानं ऐकताना जवळजवळ घडतच नाही. ‘मी’ऐवजी ‘आपण’ म्हणण्याचा उपयोगही इथेच होतो. निकलास स्टेफेन्स आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी 1901 पासूनच्या ऑस्ट्रेलियन निवडणुकांतली पक्षनेत्यांची भाषणं मोजली. 43 पैकी 34 निवडणुकांत विजेत्यानं ‘आपण’ वर्गातले शब्द हरलेल्यापेक्षा जास्त वापरले होते. अर्थात, हा शब्द पेरला की निवडणूक जिंकता येते असा याचा अर्थ नाही. जिंकायच्या वाटेवर असलेला नेता साहजिकच ‘आपण’ जास्त म्हणत असेल.

एवढं साधलं तरी घरी गेलेला माणूस सकाळी उठून काय करतो, हा प्रश्न राहतोच. हॉवर्ड लेव्हेंथाल यांनी 1965 मध्ये येल विद्यापीठात केलेला प्रयोग याबाबतीत अजून कोणी मागे टाकलेला नाही, असं माझं मत आहे. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देणाऱ्या पुस्तिका दिल्या. काही पुस्तिका भयंकर होत्या, काही सौम्य. भयंकर पुस्तिका वाचणारे जास्त घाबरले आणि लस घेण्याचा त्यांचा इरादाही पक्का झाला, पण नुसत्या माहितीवर जेमतेम 3 टक्के दवाखान्यात पोचले. दुसऱ्या गटाला दवाखाना दाखवणारा नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल हे ठरवायला सांगितलं. त्यातले सुमारे 28 टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे बहुतेकांना आधीच ठाऊक होतं.

मतदानातही हेच दिसलं. 2008 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्राथमिक निवडणुकीआधी (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाआधी) डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी मतदारांना फोनवरून तीन प्रश्न विचारले: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? फोनवर भेटलेल्यांचं मतदान सुमारे 4 टक्केबिंदूंनी वाढलं. घरात एकच मतदार असेल तिथे वाढ 9 च्या आसपास होती. एकट्याला अशी आखणी करून देणारं कोणी नसतं, हे त्याचं संभाव्य कारण.

8 ऑगस्ट 1942 चं गांधीजींचं गवालिया टँकवरचं भाषण ‘करेंगे या मरेंगे’साठी स्मरणात आहे. पण त्यात गटवार सूचनाही होत्या. सरकारी नोकरांनी राजीनामा देऊ नये, पण आपण काँग्रेसबरोबर असल्याचं उघड सांगावं. सैनिकांनी आपल्याच लोकांवर गोळ्या झाडायला नकार द्यावा. पत्रकार, विद्यार्थी, संस्थानिक यांना वेगवेगळं सांगणं होतं. शिवाय प्रत्येकानं त्या क्षणापासून स्वतःला स्वतंत्र समजावं, असंही ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. पुढे विचारायला कोणी नसतानाही आंदोलन चालू राहिलं, यात या सूचनांचा वाटा होता असं मानायला जागा आहे.

बिघडतं ते दोन ठरलेल्या ठिकाणी. पहिलं, तक्रारीतून भलताच संदेश जातो. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात रॉबर्ट चालदिनी यांनी वाटेवर खुणेचे अश्मीभूत लाकडाचे तुकडे ठेवले. ‘अनेक पर्यटक तुकडे उचलतात, त्यामुळे जंगलाचं रूप बिघडतंय’ अशी पाटी होती तिथले जवळजवळ 8 टक्के तुकडे गेले. ‘कृपया उचलू नका’ एवढंच लिहिलं होतं तिथले 2 टक्क्यांहून कमी. ‘आपले लोक मतदानालाच जात नाहीत’ असं व्यासपीठावरून कळवळून सांगणारा वक्ता पहिली पाटी वाचत असतो.

दुसरं, सोपी उघड कृती खऱ्या कामाची जागा घेते. कर्क क्रिस्टोफरसन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की पाठिंब्याची लहानशी खूण चारचौघांत मिरवायला मिळालेले लोक पुढे प्रत्यक्ष मदतीला कमी तयार होतात. तोच पाठिंबा खासगीत दिलेले जास्त. हे काम आपल्या मूल्यांशी जुळतं याची जाणीव करून दिली, तर ही घट टळते. म्हणजे सभेच्या शेवटी नुसते हात वर करायला लावण्यापेक्षा बाहेरच्या टेबलावर नाव, वार आणि कामाची वेळ लिहून घ्यावी, आणि टेबल तिथे असल्याचं टाळ्या पूर्ण थांबल्यावर सांगावं.