कचेरीतली कोंडलेली हवा : पार्श्वभूमी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कचेरीत शिरणारा प्रत्येक जण पाठीमागचं दार आधी लोटून घेतो, गारवा जाऊ नये म्हणून. दुपारी चारच्या सुमारास त्याच खोलीत डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. सगळे उन्हाला बोल लावतात, पण ऊन तर बाहेर असतं.

१९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्या काळातल्या कचेऱ्या जाड भिंतींच्या, उंच छताच्या. तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाई. धाब्याच्या घरालाही धूर जायला वर भोक ठेवलेलं असे.

खिडक्या बंद होण्याची सुरुवात दूर झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत वीज वाचवण्यासाठी इमारती हवाबंद होऊ लागल्या. १९८१ च्या तिथल्या मानकात धूम्रपान नसलेल्या कार्यालयात माणशी मिनिटाला फक्त ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी ठरवली गेली. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने नव्या आणि नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींतून हवेच्या तक्रारी येत असाव्यात, असं म्हटलं. १९८९ मध्ये कार्यालयांसाठी तो आकडा २० घनफुटांवर न्यावा लागला.

आपल्याकडे खिडक्या बंद केल्या त्या उन्हाने. आधी कूलर आले. त्यांचं गवत कुजलं की कुबट वास येई, बुरशी धरे. पण कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि त्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवावीच लागते. स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा फिरवत राहतो. त्या हवेत सगळ्यांचे उच्छ्वास, नव्या प्लायवूडमधून सुटणारं फॉर्मल्डिहाइड, सकाळच्या अगरबत्तीचा धूर, लेझर प्रिंटरचे सूक्ष्म कण आणि दफ्तरखान्यातल्या डांबरगोळ्यांची वाफ साचत जाते. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ठरवलं, तरी नवं फर्निचर आल्यावर आपण त्या वासाचं कौतुकच करतो. विडी-सिगारेट तेवढी २ ऑक्टोबर २००८ पासून कायद्याने बाहेर गेली.

एका जुन्या दगडी कचेरीत मध्यंतरी गेलो होतो. एसीसाठी खाली फॉल्स सीलिंग केलं होतं. कोपऱ्यातला एक तुकडा निखळला होता, त्यातून वर पाहिलं तर झरोका तसाच उघडा होता, कबुतराच्या घरट्यासकट. खाली अठरा माणसं बंद खोलीत काम करत होती.