शिराझ (लाल वाइन)

शिराझ ही काळ्या द्राक्षाची एक जात, आणि तिच्यापासून बनणाऱ्या लाल वाइनलाही हेच नाव. फ्रान्समधे हिला सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात आणि आपल्या नाशिककडं शिराझ. इराणच्या शिराझ शहरातून आली असं बरेच जण अजून सांगतात पण तसं नाही, १९९८ मधे डीएनए तपासला तेव्हा दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश ह्या फ्रान्समधल्याच दोन जाती तिचे आईबाप निघाले.

मूळ मुलूख म्हणजे रोन नदीच्या खोऱ्याचा उत्तर भाग. तिथं एर्मिताज नावाची टेकडी आहे, दक्षिणेकडं तोंड करून, उभ्या चढाची, बरीचशी ग्रॅनाइटची, माती पातळ, पाणी थांबतच नाही. जालन्याजवळच्या कडवंचीची चढउताराची मुरमाड रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे लगेच कळंल, फरक एवढाच की आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे आणि बाग शेततळ्यावर जगते.

आता मुख्य गोष्ट. खायच्या द्राक्षाचं आणि वाइनच्या द्राक्षाचं गणित एकदम उलटं असतं. माझ्या मामाच्या खायच्या द्राक्षाच्या बागेत जीएचं (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवायचं संजीवक) डिपिंग करून, म्हणजे घड त्याच्या पाण्यात बुडवून, मणी १८ एमएमपर्यंत फुगवतात, साल पातळ पाहिजे, बी नको, गोडी १७-१८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आली की घड कात्रीनं उतरवायचा. शिराझला मणी बारीकच पाहिजे, साल जाड, आत बिया, आणि ब्रिक्स २३-२४ च्या आसपास. कारण सगळा माल सालीत आहे. शरद सीडलेसचा एक काळाभोर मणी बोटात दाबून बघा, आतला गर हिरवटच निघतो, रंग सालीलाच. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, साली फुगून वर येतात, त्या रोज खाली दाबाव्या लागतात, तेव्हा कुठं रंग आणि तुरटपणा उतरतो. मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून वाइन दाट.

चव म्हणाल तर जांभळट काळा रंग, जांभळासारखा जीभ ओढणारा तुरटपणा, आणि मागून मिऱ्याचा वास. हा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा, २००८ मधे ऑस्ट्रेलियात सापडला, आपल्या काळ्या मिरीत पण तोच असतो! मुलूख थंड असला की मिरी जास्त, म्हणून रोनची वाइन तिखटसर, आणि ऑस्ट्रेलियाच्या गरम बारोसा खोऱ्यातली जास्त पिकलेली, जड, अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर पण जातं.

आपल्याकडं दोन छाटण्या, एप्रिलमधे खरड (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या आसपास गोड छाटणी (फळासाठी), म्हणजे माल येतो फेब्रुवारी-मार्चमधे. रोनमधे द्राक्ष पिकतं तेव्हा सप्टेंबरची थंडी लागत असते, आपल्याकडं शिवरात्र झाली की ऊन चढायला लागतं, साखर पटापट भरते पण आंबटपणा तेवढ्याच वेगानं जळून जातो, आणि आंबटपणा नसला की वाइन सपक लागते आणि जास्त टिकत पण नाही. म्हणून मराठवाड्यात शिराझ लावायची तर माझ्या मते गोडीच्या आकड्यावर बसून राहू नये, रोज मणी चावून बघावा, बी तपकिरी झाली का ते बघावं, आणि तोडा पहाटे गार असतानाच उरकावा.