एफटीपीलिब (पायथन)

एफटीपीलिब ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबतच येणारी छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच), वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, आणि दूरच्या सर्व्हरवर फाइल चढवणं, उतरवणं, नाव बदलणं, डिलीट करणं, फोल्डर बनवणं हे सगळं पाच-सात ओळींत होऊन जातं. खाली चालतो तो एफटीपी प्रोटोकॉल, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये फाइली पाठवायचे ठरलेले नियम. त्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला, ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, हे आपल्याकडे जास्त लोकांना माहीत असायला हवं.

एफटीपीत कनेक्शन दोन असतात. एकावर, म्हणजे सर्व्हरच्या पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे कनेक्शनचा ठरलेला क्रमांक), नुसत्या कमांड जातात, फाइल किंवा फाइलींची यादी दरवेळी दुसऱ्या कनेक्शनवरून येते. म्हणून कधीकधी लॉगिन झटक्यात होतं आणि यादी मागितली की प्रोग्रॅम तिथेच लटकतो, पासवर्ड बरोबरच असतो पण फायरवॉलने दुसरं कनेक्शन अडवलेलं असतं. कनेक्ट करतानाच टाइमआउट (किती सेकंद थांबायचं ती मर्यादा) द्या, नाहीतर तो कितीही वेळ वाट बघत बसेल.

चढवायला स्टोअरबायनरी (storbinary) हे फंक्शन वापरतात, ते फाइल ८१९२ बाइटच्या तुकड्यांनी पाठवतं. मध्येच नेट गेलं तर सर्व्हरवर अर्धवट फाइल राहू शकते आणि कुणीतरी तीच पूर्ण समजून उचलतं, त्यामुळे आधी तात्पुरत्या नावाने चढवून सगळं नीट गेलं की मगच रिनेम करायचं, ही सवय खरंच लावून घ्या.

मराठी नावाच्या फाइली असतील तर पायथनची आवृत्ती बघा. ३.९ पासून डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ झालं, त्याआधी लॅटिन-१ होतं, त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणजे 'पावती' नावाची फाइल पाठवायला गेलं की थेट एरर. जुन्या आवृत्तीत कनेक्ट करायच्या आधी एन्कोडिंग स्वतः यूटीएफ-८ करून घ्यायचं, नंतर केलं तर सर्व्हरची उत्तरं जुन्याच एन्कोडिंगने वाचली जातात.

साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो. त्यासाठी याच लायब्ररीत एन्क्रिप्शन करणारा एफटीपी_टीएलएस (FTP_TLS) हा क्लास आहे, पण त्यात लॉगिन सुरक्षित झालं म्हणजे फाइलही झाली असं नाही, लॉगिननंतर प्रॉट_पी (prot_p) हे फंक्शन वेगळं कॉल करावं लागतं, नाहीतर फाइल उघडीच जाते, आणि एरर काहीच येत नाही म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

एसएफटीपी नावाने सारखं वाटतं पण ते एसएसएच या वेगळ्या सुरक्षित प्रोटोकॉलवर, सहसा पोर्ट २२ वर चालतं, एफटीपीलिबला ते येत नाही, त्याला पॅरामिको ही वेगळी लायब्ररी घ्यावी लागते.