हुमणीला गाठायचं तर झाडावर

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की करवीर, कागल, हातकणंगले भागात बांधावरच्या कडुनिंबांवर आणि बाभळींवर दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात. रात्रभर पाला खातात, जोड्या जमतात आणि उजाडायच्या आत जमिनीत शिरतात. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाशी वाकडी, मऊ, पांढरी हुमणी सापडते. ती याच भुंगेऱ्यांची अळी.

नाकतोड्याचं पिल्लू आईबापासारखंच दिसतं, फक्त त्याला पंख नसतात. हुमणीचं तसं नाही. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था ज्यात असतात, त्याला पूर्ण रूपांतर म्हणतात. फुलपाखरं, मधमाश्या, डास, माश्या, भुंगेरे सगळे याच वाटेनं जातात. ज्ञात कीटकांच्या सुमारे ८० टक्के जाती यात येतात.

कोषात अळीचं नुसतं पाणी होतं असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. अळीचे बरेचसे स्नायू आणि आतड्यांच्या पेशी विरघळतात, त्यांचा माल नव्या अवयवांसाठी वापरला जातो. मज्जासंस्था मात्र मोडून टाकली जात नाही, तिची फेररचना होते. हे कधी घडायचं ते संप्रेरकं ठरवतात. एक्डायसोन कात टाकायला लावतं. त्या वेळी ज्युव्हेनाइल हार्मोन भरपूर असेल तर अळी फक्त मोठी होते, ते उतरलं असेल तर कोष होतो.

याचा कीटकाला मोठा फायदा असा की अळी मुळं खाते आणि प्रौढ पाला. दोघांचं ताट वेगळं. आपल्यासाठी मात्र यातच मेख आहे. माळावरच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी असते आणि त्यातले बरेच महिने ती अळी म्हणून जमिनीखाली काढते. मोठ्या झालेल्या अळीपर्यंत औषध पोहोचणं अवघड. कोषातून तयार झालेला भुंगेराही वळवाची वाट पाहत मातीतच पडून राहतो. तो उघड्यावर येतो तो एवढ्याच काही रात्री, आणि तेव्हा मादीच्या पोटात पुढचं सगळं नुकसान असतं.

म्हणून मला औषधाच्या डब्याआधी मे-जूनमधल्या त्या रात्री महत्त्वाच्या वाटतात. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे, गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, जोडीला प्रकाश सापळे लावायचे. भुंगेरा उडून शेजारच्या रानात जातो, त्यामुळे हे काम अख्ख्या शिवारानं एकाच वेळी करावं लागतं, आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळीच सुरू करावं लागतं.