व्होल्टेज दुप्पट, म्हणून फ्रिक्वेन्सी दुप्पट?

‘व्हीसीओचं ट्यूनिंग व्होल्टेज दुप्पट केलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट होते,’ हे हौशी रेडिओवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतंय. व्हीसीओ म्हणजे व्होल्टेज-कंट्रोल्ड ऑसिलेटर, व्होल्टेजनं फ्रिक्वेन्सी बदलणारं सर्किट. नावावरून तसं वाटणं साहजिक आहे, पण तसं घडत नाही. व्होल्टेजनं बदलते ती त्यातल्या व्हॅरॅक्टर डायोडची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता; कॉइल आणि कपॅसिटन्स मिळून फ्रिक्वेन्सी ठरते. व्होल्टेज वाढवत नेलं की ही कपॅसिटन्स सुरुवातीला भराभर उतरते, पुढे उतरण्याचा वेग मंदावतो. शिवाय कॉइल तीच असेल तर दुप्पट फ्रिक्वेन्सीसाठी एकूण कपॅसिटन्स पाव व्हावी लागते.

१, २, ४, ८ व्होल्ट देऊन फ्रिक्वेन्सी काउंटरवरचे आकडे आलेखकागदावर मांडा. रत्नागिरीत माझ्या टेबलावरची रेषा चक्क वाकलेली निघाली. म्हणूनच मॉड्युलेशनचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी हलवायला दिलेला, ऑडिओ लहान ठेवायचा, नाहीतर आवाज फाटतो. आणि आपल्या पावसाळ्यात बोर्ड आधी नीट सुकवा. दमट बोर्डावर आकडे सरकत राहतात.