मूल अठराचं होण्याआधी: दिव्यांग मुलांच्या कामधंद्याची आणि व्यवहाराची कागदपत्रं, कोणती आधी, कोणती नंतर

दहावीच्या वयाच्या मुलाची आई दर उन्हाळ्यात शाळेच्या पायरीवर बसून एकच विचारते, "सर, अठरा झाले की नाव काढतेत म्हणं. मग पुढं काय करावं यानं?" विशेष शाळेत शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न ऐकतोय. उत्तर एका योजनेत नाही, क्रमात आहे. एक कागद चुकला की त्याच्या मागचे तीन अडतात.

सुरुवात युडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून करा. कार्ड आहे म्हणून निवांत राहू नका, मुदत बघा. बौद्धिक अक्षमतेच्या मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र वयाच्या 5, 10 आणि 18 व्या वर्षी नव्यानं तपासून घ्यावं लागतं. अठराव्याला मिळालेलं मात्र कायमचं असतं. पुष्कळ घरी दहाव्या वर्षाचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून भिंतीवर टांगलेलं असतं आणि त्याची मुदत संपतेय हे बँकेत गेल्यावर कळतं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. आरक्षण, अनुदान यांसाठी बहुतेक ठिकाणी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं, हातानं लिहिलेलं नवं प्रमाणपत्र आता कुणी देत नाही. अर्ज मोबाइलवरून किंवा सेतू केंद्रातून भरता येतो. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, मुलाची सही किंवा अंगठा आणि जुन्या उपचारांचे कागद लागतात. रुग्णालयही पोर्टलवरच निवडायचं असतं. आपल्या मराठवाड्यात जिल्हा रुग्णालयं आहेत, शिवाय संभाजीनगरचं घाटी सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचं विष्णुपुरीचं महाविद्यालय आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम (स्वमग्नता) किंवा अध्ययन अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञ लागतो आणि तो प्रत्येक रुग्णालयात रोज बसत नाही. फोन करून वार विचारा, मगच गाडी पकडा. एकदा एका कुटुंबाला तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्या दोन वेळा वार चुकला. दोन दिवसांची मजुरी गेली ती वेगळीच.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दसऱ्यानंतर कोयता निघाला की घर उन्हाळ्यापर्यंत बंद. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख पावसाळ्यातच मागून घ्या.

तपासणीत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण घोळ तिथंच होतो. बुद्ध्यांकाबरोबर सामाजिक प्रगल्भतेची मोजणी करतात आणि ती आईला प्रश्न विचारून होते. जेवतो का, कपडे स्वतः घालतो का, दुकानात जातो का. त्या मोजणीत 55 ते 69 गुण आले तर 50 टक्के अपंगत्व, 36 ते 54 आले तर 75 टक्के धरतात. काही आया मायेपोटी म्हणतात, "सगळं करतंय लेकरू." काहींना कुणीतरी शिकवून पाठवलेलं असतं, "काहीच येत नाही म्हणा, टक्के वाढतात." दोन्ही अंगाशी येतं. जास्त टक्क्यांचा कागद अनुदानाला बरा वाटतो, पण उद्या हाच कागद मालकापुढं ठेवायचा आहे. जे आहे तेच सांगा. आठवडाभर आधी वहीत लिहून काढा, मूल स्वतः काय करतं आणि कशाला हात लावायला लागतो. बोर्डासमोर आठवत नाही.

कार्डाच्या रंगाविषयी विचारतात. 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि पुढं निळं.

पुढचा घोळ नावाचा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, युडीआयडीवर वडिलांचं नाव आधी. पोर्टल आधारशी जुळवून बघतं, त्यामुळे आधी आधार दुरुस्त करा आणि बाकी सगळं त्याच्या मागं. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायांवर ताबा नसलेल्या मुलांची बोटं वळलेली असतात, ठसे उठत नाहीत. अशा वेळी केंद्रचालक "होत नाही" म्हणून परत पाठवतो. परत येऊ नका. ज्यांचे ठसे घेता येत नाहीत त्यांच्यासाठी अपवादाची नोंद करण्याची सोय यंत्रणेत आहे, तीच मागा.

शिक्षणाचं थोडक्यात. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण आपोआप नाही. शाळेनं प्रस्ताव करून विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूर मंडळ, बाकी पाच जिल्ह्यांसाठी संभाजीनगर मंडळ. परीक्षेचा अर्ज भरतानाच मुख्याध्यापकांच्या मागं लागा, जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. बोर्डाचा अभ्यासक्रम झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिथं विषय कमी, परीक्षा टप्प्याटप्प्यानं देता येते. महाविद्यालयात दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. आयटीआयच्या ऑनलाइन प्रवेशात दिव्यांगाचा रकाना भरायला विसरू नका. माझ्याकडचे दोन विद्यार्थी तो न भरल्यामुळे खुल्या यादीत गेले.

आता कामाचं. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे आणि ते चार गटांत वाटलेलं आहे. अंध-अल्पदृष्टी 1, कर्णबधिर 1, अस्थिव्यंग (सेरेब्रल पाल्सी यातच येते) 1, आणि ऑटिझम, बौद्धिक व अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता मिळून 1. महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी करताना अपंगत्वाचा प्रकार प्रमाणपत्रात लिहिलाय तसाच भरा. स्वतःचा धंदा काढायचा असेल तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळतं. फॉर्म, कोटेशन, जामीनदार हे सगळं लागतंच.

पण खरं सांगू का, आमच्या मुलांपैकी बहुतेकांचं काम सरकारी यादीतून येत नाही. ते गावातल्याच एखाद्या दुकानातून, कांडप केंद्रातून, नर्सरीतून येतं. वसमतकडचा एक मुलगा आता हळदीच्या पुड्या भरतो. त्याला आकडे वाचता येत नाहीत. आम्ही काट्याच्या पडद्याखाली लाल चिकटपट्टीवर 200 असं काढून चिकटवलं. वरचा आकार आणि खालचा आकार सारखा झाला की हात थांबवायचा. पहिले दोन आठवडे तो पुडी भरून झाली तरी काट्याकडे बघत बसायचा, जणू आकडा पळून जाईल. मग जमलं. मालक म्हणतो, त्याच्या पुडीत दोन ग्रॅमचाही फरक नसतो, माझ्याच पुडीत असतो. त्याला कामावर लावताना अडचण वजनाची नव्हतीच, ती होती एसटीची. पाटी वाचता येत नाही, मग गाडी कशी ओळखायची? आम्ही वेळ आणि फलाट पक्का केला, गळ्यात पासबरोबर गावाच्या नावाची चिठ्ठी घातली आणि पंधरा दिवस मी मागच्या सीटवर बसून गेलो. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण सवलतीचा कागद दाखवायला आणि सुटे पैसे मोजायला शिकवलं नाही तर त्या सवलतीचं काय करायचं?

म्हणून चौदाव्या वर्षापासून ज्या गोष्टी घोटून घ्यायच्या त्यात लिहिणं-वाचणं शेवटी येतं. स्वतः आंघोळ, संडासाची कडी, दहा-वीस-पन्नासची नोट ओळखणं, फोनवर एक नंबर लावणं, "नाही" म्हणणं, आणि सही. सही दोन अक्षरांची असली तरी चालेल, पण रोज तशीच आली पाहिजे. ती का, ते आता येतं.

अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्यानं पालक राहत नाहीत. मूल सज्ञान. बँकेचं खातं, शेताचा वाटा, सहीचा प्रत्येक कागद त्याच्या नावावर. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती हा आदेश काढते. तिच्यात जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कायद्यानं तिची बैठक किमान दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. कोर्ट नाही, वकील लागत नाही.

अर्ज आई, वडील किंवा नातेवाईक करू शकतात, नमुना 'अ' मध्ये. सोबत मुलाचं युडीआयडी किंवा प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, होणाऱ्या पालकाचं ओळखपत्र आणि पत्ता, फोटो, आणि अर्जदार नातेवाईक असेल तर आई-वडिलांची संमती. अर्ज अठरा पूर्ण झाल्यावर होतो, पण कागद सतराव्यातच गोळा करून ठेवा. आदेश निघाला की बँक तो स्वीकारते. समितीचं पालकत्व प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. शाखेत एखाद्यानं "कोर्टाचं आणा" म्हटलं तर त्याला हे शांतपणे सांगा.

इथं एक मत मांडतो, काही पालकांना आवडत नाही. प्रत्येकाला पालक लागत नाही. समितीलाही कायद्यानं आधी दोन प्रश्न ठरवावे लागतात, पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशापुरती. जो मुलगा सही करतो, हिशेब थोडा मदतीनं समजतो, त्याच्यावर घाईनं पालक बसवला तर तो स्वतःच्या खात्यातून स्वतः पैसे काढायला कधी शिकणार? अशा मुलाला स्वतःच्या सहीचं खातं काढून द्या, छोटी रक्कम ठेवा, दरमहा त्यालाच बँकेत न्या. जमिनीचा प्रश्न असेल किंवा भाऊबंदकी तापलेली असेल तर मात्र पालकत्वाचा अर्ज लवकर करा. श्रवण किंवा (सेरेब्रल पाल्सी सोडून) अस्थिव्यंगाच्या मुलाला तर याची गरजच नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

पैशाच्या आधाराचं राहिलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना 2025 च्या निर्णयानंतर दरमहा 2500 रुपये आहेत. अर्ज तहसीलला किंवा सेतूतून. युडीआयडी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक पासबुक. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर होऊनही पैसे येत नाहीत, हे सगळ्यात जास्त घडतं.

वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. तिला पालकत्वाचा आदेश लागत नाही, म्हणून थांबू नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाकडे लेखी मागा, तोंडी मागितलेलं सभेपुढं जात नाही. आणि आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर मुलाचं अपंगत्व सेवापुस्तकात आजच नोंदवा. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन पुढं चालू राहू शकतं, पण नोंदच नसेल तर नंतर सिद्ध करताना दमछाक होते.

पालकत्वाचा आदेश हातात आला की बहुतेक जण तो फाइलीत घालून विसरतात. सहा महिन्यांत मुलाच्या नावावरची जमीन, ठेवी, घेणं-देणं यांची यादी समितीला द्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, हिशेब सादर करायचा. ठेव पाच हजारांची असली तरी. एका वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेबही देता येतो, फक्त पोहोच घ्या आणि ती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत युडीआयडीच्या मागं ठेवा.