घसरगुंडी, तलाव आणि माळ: सोलापुरात मुलांना घेऊन किती वाजता निघायचे?

मे महिन्यात दुपारी साडेचारला सोलापुरातल्या कुठल्याही बागेत जाऊन बघा. झोपाळ्यावर एखाद-दुसरे पोर असेल, घसरगुंडी मात्र मोकळी असते. तिच्यावर बसून मांडी पोळली की दुसऱ्यांदा कोणी तिकडे फिरकत नाही. "सोलापुरात मुलांना न्यायला जागाच नाही" ही तक्रार नेहमी ऐकू येते. जागा आहेत, पण इथे जागेआधी घड्याळ बघावे लागते.

घसरगुंडीचेच घ्या. हवा 42 अंश असली, तरी उन्हातला पत्रा 60 अंशांच्या पुढे सहज जातो, कारण तो हवेने नाही, थेट किरणांनी तापतो. इतक्या तापलेल्या धातूला काही सेकंद चिकटले तरी लहान मुलाच्या कातडीला फोड येऊ शकतो. तेवढेच तापलेले लाकूड तितके भाजत नाही. त्याचा वरचा थर कातडीला लागून जरा निवतो आणि आतली उष्णता वर यायला वेळ लागतो. धातूत ती आतून झरझर येतच राहते. प्लास्टिक या बाबतीत लाकडासारखे आहे, म्हणून ते बिनधोक वाटते, पण मूल त्यावर टेकून बसून राहिले तर तेही पोळते. खाली अंथरलेल्या काळ्या रबरी लाद्या अनवाणी पायांना त्याहून वाईट. तपासायला तळहात वापरू नका, त्याची कातडी जाड असते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. ठेववली नाही, तर मूल बसवू नका.

घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून बसवावी, म्हणजे ती कमी तापते, असे सांगतात. भारताच्या बऱ्याच उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत ते खरे आहे, तिथे माध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेलाच असतो. सोलापूर 17.7 अंश अक्षांशावर आहे. साधारण 11 मे ते 2 ऑगस्ट या काळात इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा इथे दिशेपेक्षा पश्चिमेला उभे असलेले एक डेरेदार झाड जास्त कामाचे, कारण संध्याकाळी मुले खेळायला येतात तेव्हा ऊन तिकडून येते.

या अक्षांशाची एक गंमतही आहे. 10-11 मेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 22 मिनिटांना सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच दडते. घड्याळात 12 वाजता हे होत नाही. आपली वेळ 82.5 रेखांशाची आणि सोलापूर 75.9 वर, म्हणून सूर्य इथे उशिरा माथ्यावर येतो. प्रयोगाला एक फुटाचा पाइपचा तुकडा पुरे. फसगत दोन ठिकाणी होते. पाइप कललेला असतो, त्यासाठी ओळंबा लावून बघा. नाहीतर फरशीला उतार असतो, तो ताटलीत पाणी ओतले की कळतो. स्टीलचा पेला घेऊ नका, तो वर रुंद असतो आणि सावली दिसेनाशी होण्याची नेमकी वेळ हाती लागत नाही. सव्वाबाराला सुरू करा, साडेबाराला आवरा. तासाभराने त्याच पाइपची सावली साडेसात सेंटिमीटर झालेली असेल. हे घरच्या गच्चीवर, पायात चपला घालून करायचे. त्यासाठी भर दुपारी बागेत जायची गरज नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

सावली सावलीतही फरक असतो. पत्र्याच्या शेडखाली आणि कडुनिंबाखाली तापमापक धरला, तर हवेचा फरक फारसा नसतो. तरी शेडखाली जीव कासावीस होतो, कारण तापलेला पत्राच वरून उष्णतेचे किरण सोडत असतो. कडुनिंबाचे पान पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, म्हणजे विजेच्या दोन-तृतीयांश युनिटाएवढी. हिरवळीचा हिशेब मात्र उलटा पडतो. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते, आणि सावली ती काहीच देत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मोठाल्या हिरवळींचा हट्ट का धरतात, हे कोडेच आहे.

सिद्धेश्वर तलावावर जायचे तर पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, मध्ये मंदिर, आणि कठड्यावरून चुरमुरे फेकणारी मंडळी. उन्हाळ्यात भल्या सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असे समजू नका. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यात शेवाळ दाट असले, की दिवसा ते ऑक्सिजन सोडते आणि रात्री स्वतःच वापरते. म्हणून पहाटे पाणी सर्वांत कंगाल असते. फेकलेला पाव नि चुरमुरे कुजतात, त्यालाही ऑक्सिजनच लागतो. ढगाळ दिवसानंतरची पहाट सर्वांत धोक्याची, कारण आदल्या दिवशी पुरेशी कमाईच झालेली नसते.

पाण्यावर हिरव्या रंगाचा थर दिसला, तर तो नेमका काय आहे हे मुलांना शोधता येते. पारदर्शक बाटली दोरीने सोडून पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा गाळ तळाशी बसला तर साधे शेवाळ. पाण्यावर हिरवा थर तरंगत राहिला तर बहुधा नील-हरित जिवाणू, ज्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात. यांतल्या काही जाती विष तयार करतात. तसे पाणी हाताला लागू देऊ नका, आणि बाटली हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

पक्ष्यांसाठी तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव, म्हणजे एकरुख. अदिला नदीवर मातीचा बांध घालून 1871 साली हा पुरा झाला. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचे दोन तास गाठायचे. पुढे ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. कितीही महागडी दुर्बीण असली तरी याला इलाज नाही. मुलांना नावे पाठ करायला लावण्याऐवजी कोण किती खोल पाण्यात जेवतो ते बघायला सांगा. काठावरच्या चिखलात तुतारी, गुडघाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, उथळ पाण्यात फावड्यासारखी चोच फिरवून पाणी गाळणारा थापट्या, खोलात बुडी मारणारा पाणकावळा. हा पाणकावळा नंतर दगडावर पंख पसरून बसतो, कारण त्याची पिसे भिजतात. भिजल्याने पिसांत हवा कमी अडकते आणि बुडी सोपी जाते, पण मग वाळवत बसावे लागते. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी मुले आपणहून ओळखतात.

दुर्बीण 8×42 किंवा मुलांसाठी हलकी 8×32 पुरे. पहिला आकडा किती पट जवळ दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. आधी उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्वच्छ करा, मग डावे झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवा. लहान मुले "काहीच दिसत नाही" म्हणतात, ते बहुधा खरे असते. त्यांच्या डोळ्यांतले अंतर मोठ्यांच्या दुर्बिणीच्या नळ्यांपेक्षा कमी असते. एका नळीतून बघू द्या.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या. दोन्हींत पाणी नावापुरते, म्हणून उन्हात बिघडत नाहीत. दहीभात मात्र दुपारपर्यंत आंबतो. चटणीतल्या मिठाने तहान वाढते, तेव्हा पाणी जास्त ठेवा आणि मुलांना मागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट पाजा.

आता नान्नजचे माळढोक अभयारण्य. बार्शी रस्त्याने साधारण 20 किलोमीटर. माळढोक या माळावरच्या पक्ष्यासाठी 1979 साली ते झाले तेव्हा कागदावरचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते, त्यात गावे-शेते सगळी आली होती, पुढे ते बरेच कमी केले. माळढोक दिसेल असे मुलांना कबूल करू नका. देशभरात मोकळ्या रानात हे पक्षी सुमारे दीडशेच उरलेत, आणि इथे एखादा दिसला तर बातमी होते. अंगाने जड, वर्षाला बहुधा एकच अंडे, आणि नजर बाजूंना चांगली पण समोरची अरुंद, त्यामुळे उडताना विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत.

तरीही जायचे, ते काळवीट आणि गवत बघायला. वनखात्याच्या परवानगीने, आखलेल्या वाटेवरूनच, दुपारी चारनंतर. 300 मीटरवरचा काळवीट आठ पटींच्या दुर्बिणीतून 40 मीटरवर असल्यासारखा दिसतो, त्याहून जवळ जायचे कारण नाही. वाटेच्या कडेला लेंड्यांचा मोठा ढीग दिसला, तर ती नराच्या हद्दीची खूण. तो रोज तिथेच येऊन भर घालतो.

माळाला लोक पडीक जमीन म्हणतात. मुरमावर वीतभर माती, पाऊस बेताचा. इथे गवत तगते ते मुळांच्या जोरावर. ग्लिरिसिडियासारखी झाडे लावून माळ "हिरवा" करण्याचे प्रयोग झाले, पण माळढोकाला चहूकडे लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. झाडांची रांग त्याला आडोसा वाटत नाही, तिच्यामागे लांडगा दबा धरू शकतो.

नोव्हेंबरात गवत पिवळे पडते आणि मोज्यांत कुसळे घुसतात. वैतागू नका, एक कुसळ सांभाळून काढा. उलटे ओढाल तर मोडेल, कारण टोकाजवळचे केस मागे वळलेले असतात. ज्या दिशेने घुसले त्याच दिशेने पुढे काढायचे. आता तळहातावर थेंबभर पाणी घेऊन त्याची पिळदार काडी भिजवा. ती फिरू लागते, पीळ उलगडतो. वाळली की परत वळते. काडीतल्या एका बाजूच्या पेशी दुसरीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून हा पीळ. रात्रीच्या दवाने एकदा, दिवसाच्या उन्हाने एकदा, असे फिरत-फिरत बी स्वतःला जमिनीत गाडून घेते. पुढच्या खेपेला विणलेले मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट बुटावर सोडा.

एप्रिल ते जूनमध्ये गेलात तर पायाखाली बघा. माळटिटवी घरटे बांधत नाही. मुरमातल्या खळग्यात खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते आणि भर उन्हात त्यांच्यावर उभी राहते. ही ऊब नाही, सावली आहे. जवळ पाणी असले तर ती पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याचा नर तर अशाच भिजल्या पिसांतून लांबून पिलांना पाणी आणून पाजतो. माळटिटवी ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालू लागली, तर अंडी जवळच आहेत. शोधू नका, फोटोसाठी थांबू नका. अंड्याच्या आतले तापमान 42 अंशांपलीकडे थोडा वेळ राहिले तरी गर्भ मरतो, आणि त्या उन्हात उघड्या अंड्याला तिथवर जायला मिनिटे पुरतात. आला त्याच पावलांवरून मागे फिरा. पन्नासेक पावलांवर गेलात की ती परत येऊन उभी राहील.